शिकविणारें यंत्र आणि शिकणारें गांव

नाशिक शहर सोडून गोदावरी पूर्वेकडे निघाली म्हणजे निफाड तालुक्यांत तिच्या कांठीं सायखेडा लागतें. पलीकडच्या तीरावर चांदोरी आहे. या साऱ्या पट्ट्याला लोक गोदाकांठ म्हणतात. कांदा, द्राक्षें आणि ऊंस हें येथील धन. पावसाळ्यांत घरांत शिरणारें नदीचें पाणी हें येथील भय. २०१९ च्या ऑगस्टांत दोन्ही गांवांनीं तें भय पुन्हां अनुभवलें. येथील शेतकरी आज कांद्याचा भाव मोबाइलच्या पडद्यावर पाहतो, आणि रात्रीं त्याच पडद्यावर त्याचें मूल गणिताचा पाठ पाहतें. असें यंत्र विकत घेतांना बापाच्या मनांत एकच प्रश्न असतो: यानें मूल शिकेल काय? शाळेसाठीं संगणक घेणाऱ्या ग्रामपंचायतीपुढेंहि हाच प्रश्न असतो. कारण पैसा थोडा आणि मुलाचीं शिकण्याचीं वर्षें त्याहून थोडीं.

प्रश्न नवा नाहीं, आणि तो केवळ तर्कानें सोडवावा लागतो असेंहि नाहीं. त्यावर शास्त्रीय पद्धतीनें संशोधन झालेलें आहे. त्या संशोधनांतील एक आरंभीचा व मोठा प्रयोग ज्या पांच जिल्ह्यांत झाला, त्यांत नाशिक जिल्हा होता, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या विस्मरणांत गेली आहे.

त्या प्रयोगांतील यंत्र अर्थातच संगणक नव्हे, तर रेडिओ होता. कॅनडांत १९४१ पासून शेतकरी ठराविक दिवशीं एकत्र जमून नभोवाणीवरील कार्यक्रम ऐकत व मग त्यावर चर्चा करीत. ही पद्धत हिंदुस्थानांतील खेड्यांत रुजेल काय, हें पाहण्यासाठीं युनेस्कोच्या साहाय्यानें आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें १९५६ सालीं प्रयोग आरंभिला. पुणें, नाशिक, तेव्हांचें अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील १५० गांवें त्यासाठीं निवडण्यांत आलीं. गांवोगांव सुमारें वीस-वीस जणांचीं श्रोतृमंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां, सायंकाळीं अर्धा तास, मंडळी रेडिओभोंवतीं बसे. कार्यक्रम संपला कीं रेडिओ बंद होई आणि चर्चा सुरू होई. मंडळाचा चिटणीस चर्चेचा वृत्तांत व लोकांच्या शंका पुण्यास कळवी, आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरें मिळत. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले.

या प्रयोगाचें मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें केलें. त्याची धुरा पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाकडे होती. त्यांनीं तुलनेसाठीं तीन प्रकारचीं गांवें घेतलीं: श्रोतृमंडळ असलेलीं, नुसता रेडिओ असलेलीं, आणि रेडिओहि नसलेलीं. प्रयोगाच्या आधीं व नंतर गांवकऱ्यांना प्रश्न विचारून त्यांच्या ज्ञानांत किती भर पडली हें मोजण्यांत आलें. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर व न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोनें १९५९ सालीं प्रसिद्ध केला. मंडळांच्या गांवांत ज्ञानाची वाढ ठळकपणें दिसली. इतर गांवांत ती फार थोडी होती. यांतील मर्म मधल्या प्रकारच्या गांवांत आहे. तेथें यंत्र होतें आणि कार्यक्रमहि ऐकूं येत होते. परंतु ऐकलेलें बोलून पाहण्याची, हटकण्याची, शंका विचारण्याची व्यवस्था नव्हती. म्हणून यंत्र बोलत राहिलें, गांव मात्र फारसें शिकलें नाहीं. १९५९ नंतर हीं मंडळें देशभर काढण्यांत आलीं; पण संख्या वाढली तशी देखरेख सैल झाली आणि कालांतरानें ती चळवळ क्षीण झाली.

पुढें १ जुलै १९८९ रोजीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. सायखेड्याच्या वरच्या अंगाला, गंगापूर धरणाच्या परिसरांत, त्याच गोदावरीच्या सान्निध्यांत हें विद्यापीठ उभें आहे. पहिले कुलगुरु राम ताकवले यांच्या काळांत स्वयंअध्ययनाचीं पुस्तकें व ध्वनिचित्रफिती यांच्या जोडीला ठिकठिकाणीं अभ्यासकेंद्रेंहि उभीं राहिलीं. घरीं बसून शिकणाऱ्यासहि अधूनमधून समोर माणूस लागतो, हें या रचनेंत गृहीत धरलेलें होतें.

मग संगणक आला आणि जुना भ्रम नव्या तेजानें परतला. १९९९ सालीं दिल्लीच्या कालकाजी भागांत सुगत मित्र यांनीं भिंतींत एक संगणक बसविला व तो वस्तींतील मुलांना मोकळा ठेवला. कोणीहि न शिकवितां मुलें तो हाताळूं लागलीं. पुढें असे संगणक आपल्या सिंधुदुर्गांतहि बसविण्यांत आले, आणि मुलें आपापसांत विचारपूस करून यंत्राचा वापर सहज आत्मसात करतात, असें तेथील अभ्यासांत आढळलें. तथापि यंत्र चालवितां येणें ही एक गोष्ट, आणि यंत्राच्या द्वारें विद्या येणें ही दुसरी. दिल्लीचा प्रयोग पाहून आलेल्या मार्क वॉर्शावर या अमेरिकन अभ्यासकानें नेमका हाच आक्षेप घेतला: मुलांचा बराच वेळ खेळण्यांत व चित्रें रंगविण्यांत जातो.

विद्येचें माप घेणारा प्रयोग मराठी माणसाला परक्या नसलेल्या बडोद्यांत झाला. २००० सालीं गुजरात सरकारनें तेथील नगरपालिकेच्या १०० शाळांना प्रत्येकीं चार संगणक दिले होते. दोन वर्षांनीं पाहणी केली, तेव्हां मुलांसाठीं त्यांचा उपयोग क्वचितच होत असल्याचें दिसलें. तेव्हां मुंबईंत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेनें चौथीच्या मुलांना आठवड्यांतून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकापाशीं दोन मुलें बसत, देखरेखीला प्रशिक्षित कार्यकर्ता असे, आणि मुलाच्या कुवतीप्रमाणें गणितें सोपीं वा अवघड होत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं, दुसऱ्या वर्षाअखेर गणितांत झालेली प्रगती शंभर मुलांत मधोमध असलेल्या मुलाला सुमारें अडुसष्टाव्या पायरीवर नेण्याइतकी होती. प्रयोग थांबल्यावर वर्षभरानें त्यांतील बराच लाभ ओसरला, हेंहि त्यांनीं नमूद केलें.

याच मंडळींतील ली लिंडन यांनीं गुजरातेंतच आणखी एक प्रयोग केला. त्यांनीं निवडलेल्या शाळांत मुळांतच अध्यापन चांगलें होतें. शाळेच्या वेळांतून तास काढून तो संगणकाला दिला, तेव्हां मुलें मागें पडलीं; तोच संगणक शाळा सुटल्यावर जोड म्हणून दिला, तेव्हां मुलें पुढें गेलीं. यंत्र तेंच आणि गणितेंहि तींच. फरक इतकाच कीं, पहिल्या वेळीं यंत्र शिक्षकाच्या जागीं बसलें आणि दुसऱ्या वेळीं त्याच्या मदतीला उभें राहिलें. दूरच्या पेरू देशांत ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणींत मुलांच्या हातीं संगणक भरपूर देण्यांत आले; पण २०१२ च्या अहवालांत भाषा व गणित यांत त्याचा लाभ दिसला नाहीं. वस्तु पोंचली होती, तिच्याभोंवतींचें अध्यापन होतें तसेंच राहिलें होतें.

मार्च २०२० मध्यें महामारीनें शाळा बंद झाल्या आणि कोणाहि संशोधकानें योजिला नसता असा कठोर प्रयोग घराघरांत सुरू झाला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पर्यंत भरले नाहींत. मधल्या काळांत शाळा म्हणजे मोबाइल, आणि तोहि बहुधा बाप शेतावरून परत येईपर्यंत न मिळणारा. ‘असर’ या ग्रामीण पाहणींत, दुसरीचा पाठ वाचूं शकणाऱ्या तिसरींतील मुलांचें प्रमाण देशांत २०१८ सालीं शेंकडा २७.३ होतें, २०२२ सालीं तें २०.५ वर आलें. शाळा पुन्हां नियमित भरूं लागल्यावर, २०२४ सालीं, तें २७.१ झालें.

या सर्व प्रयोगांतून निघणारा निष्कर्ष यंत्राची निंदा करणारा नाहीं. रेडिओनें १५० गांवांत ज्ञान नेलें, संगणकानें बडोद्याच्या मुलांचें गणित सुधारलें, आणि पुरानें वा रोगानें शाळा बंद पडल्यास मोबाइल हा आधार राहीलच. परंतु दरवेळीं यश आलें तें यंत्राभोंवतीं बसणाऱ्या माणसांमुळें: चर्चा चालविणारा चिटणीस, शंकांना उत्तर देणारें केंद्र, शेजारीं बसलेला सोबती, मुलाची पायरी ओळखणारा शिक्षक. सायखेड्याच्या बापानें किंवा ग्रामपंचायतीनें यंत्राची किंमत विचारतांना आणखी एक प्रश्न विचारावा: तें बंद केल्यावर मुलाशीं बोलावयास कोण बसणार आहे? १९५६ सालीं नाशिकच्या खेड्यांत रेडिओ बंद झाल्यावरच शिक्षणाला आरंभ होत असे.