कानापासून गुणपत्रकापर्यंत : संगीतशिक्षणातील श्रेणीव्यवस्था

गुरुशिष्यपरंपरेत शिष्याच्या प्रगतीची नोंद कागदावर होत नसे. नवी चीज मिळणे, मैफलीत गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसण्याची अनुज्ञा मिळणे, हीच उत्तीर्णता होती. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीतशिक्षणाला वर्ग व अभ्यासक्रमाची चौकट लाभली. विष्णु नारायण भातखंडे यांनी पाठ्यग्रंथांची मराठी माला सिद्ध केली. तिच्या ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या नावातच पायरीपायरीने शिकण्याची कल्पना अनुस्यूत आहे. १९३१ मध्ये पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी श्रेणी रूढ झाली. मध्यमा व विशारद या संज्ञा हिंदी साहित्य संमेलनाच्या परीक्षांतही आढळतात; साहित्य व संगीत यांनी प्रमाणीकरणाची एकच परिभाषा स्वीकारल्याचे हे द्योतक होय.

या व्यवस्थेने घराण्याबाहेरच्या विद्यार्थ्यांना, विशेषतः मध्यमवर्गीय स्त्रियांना, संगीताचे दार खुले केले. हे तिचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे. तथापि रागांची संख्या, तानांची तयारी, स्वरलेखनाची शुद्धता यांना गुण देता येतात. स्वरलगावाला ते देणे दुष्कर ठरते. परिणामी मोजता येणाऱ्या अंगांनाच अध्यापनात प्राधान्य मिळू लागले. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाचा कान आजही निर्णायक असतो. परंतु तो काही मिनिटांपुरताच ऐकतो. विद्यार्थी गतवर्षी कसा गात होता, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे गुणपत्रकात पातळी नोंदली जाते, प्रगतीची साक्ष मात्र शिक्षकाच्या स्मरणातच राहते.