टाकाऊ कशाला म्हणायचं?



गेल्या रविवारी पुण्याहून नातीचा फोन आला. "आजोबा, शाळेत टाकाऊतून टिकाऊ करून न्यायचंय. सोप्पं काहीतरी सांगा ना!" मी ३४ वर्षं मास्तरकी केली, त्यातली बरीच वर्षं कार्यानुभवाचा तास माझ्याकडे होता. उत्तर तोंडावर यायला हवं होतं. पण मी म्हणालो, "बाळा, संध्याकाळी सांगतो," आणि फोन ठेवून कपाटातली आईची वाकळ काढून बसलो.

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या चकलांब्याला (ता. गेवराई, जि. बीड) वाकळच म्हणायचे. मी १९५० चा. माझ्या लहानपणी आमच्या घरात 'टाकाऊ' हा शब्दच नव्हता. नऊवारी लुगडं म्हणजे जवळजवळ आठ मीटर कापड. ते विरलं की त्याचा धड भाग निघायचा बाळाच्या दुपट्याला, उरलेला वाकळीला, त्यातूनही उरला तर चुलीवरचं भांडं उतरवायला फडकं. आणि त्या फडक्याचीही शेवटी चिमणीची वात व्हायची. डालड्याच्या रिकाम्या डब्यात तुळस. रद्दी भिजवून, मेथ्या वाटून घातलेल्या लगद्याची टोपली. आई म्हणायची, "फेकू नको रं, कशाला तरी ईल."

याला आपण आज हौस म्हणतो. तेव्हा ती हौस नव्हती. आमचा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आई लग्न होऊन आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. कापडाची टंचाई देशभर होती, १९४३ मध्ये इंग्रज सरकारने सूत आणि कापडावर नियंत्रणाचा हुकूम काढला. 'कंट्रोलचं कापड' हा शब्द आईच्या तोंडी शेवटपर्यंत होता. गंमत बघा, आमच्या शिवारात कापूस पिकायचा, गाडीत भरून जायचा आणि शिवणारीच्या अंगावर मात्र ठिगळ!

आणि हे फक्त आपल्याकडेच नव्हतं. खुद्द इंग्लंडमध्ये जून १९४१ ते मार्च १९४९ कपड्यांचं रेशनिंग होतं. जुन्याचं नवं कसं करावं याची पुस्तिका तिथल्या सरकारने १९४३ मध्ये छापून वाटली. अमेरिकेत १९३० च्या मंदीत शेतकऱ्यांच्या बायका पिठाच्या आणि पशुखाद्याच्या कापडी पिशव्यांचे झगे शिवत. ते पाहून गिरण्यांनी पिशव्यांवर फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, जपानमधलं बोरो, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी... सगळ्या एकाच घरच्या लेकी. कवंदी तर बाहेरच्या कडेपासून आत आत शिवत नेतात, अगदी माझ्या आईसारखी.

मग आला १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा बीडला बी. ए. करत होतो. विहिरी आटल्या, जनावरं विकली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यात माझी आई आणि थोरल्या वहिनीही. दिवसभर खडी फोडायची, खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. त्या वर्षी घरात जुनं लुगडंसुद्धा शिल्लक नव्हतं, कारण जुनंच अंगावर होतं! तेव्हा आईने तागाचं पोतं उसवून धुतलं, मध्ये अस्तर म्हणून घातलं आणि वरखाली चिंध्या लावून वाकळ शिवली. रात्री, कंदील बारीक करून. खडी फोडून सोललेल्या बोटांनी.

ती वाकळ तिने मला बीडला पाठवली. आणि मी काय केलं? गाडगेबाबांना लोक गोधडेमहाराज म्हणत, हे मी तोवर कौतुकाने वाचलेलं. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा खोलीतल्या मित्रांनी पाहू नये म्हणून वाकळ ट्रंकेच्या तळाशी लपवली. थंडीत कुडकुडलो, पण पांघरली नाही. सगळ्यांकडे सोलापुरी चादरी होत्या ना!

ही एक चूक. दुसरी मास्तर झाल्यावरची.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. विचार थोर. आमच्या वर्गात पोचेपर्यंत त्याचं झालं थर्माकोलचा ताजमहाल आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. काड्या दुकानातून नव्या कोऱ्या आणायच्या आणि नाव 'टाकाऊतून टिकाऊ'! (त्या थर्माकोलच्या ताटवाट्यांवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आली, तेव्हा मला वर्गातले ते ताजमहाल आठवले.)

एका वर्षी परीक्षेच्या तोंडावर एक मुलगी ऊसतोडीहून परतली. दिवाळीनंतर आईबापाबरोबर कारखान्यावर गेलेली. तिने एक आसन आणलं. पोत्याचा तुकडा, वर चिंध्या, बोटभर अंतराने सरळ धावदोरा. कोपीवर आईजवळ बसून शिवलेलं. मी विचारलं, "काड्यांचं घर कुठंय?" ती गप्प. मी वहीत 'काम अपूर्ण' लिहिलं आणि ३५ गुण दिले. अख्ख्या वर्गात खरं टाकाऊतून टिकाऊ तेवढं एकच होतं. तिने ते आसन घडी करून दप्तरात ठेवलं, ती घडी मला अजून दिसते.

माझा इतिहासाचा विषय. पोरांना मी लढायांच्या सनावळ्या पाठ करायला लावल्या. पण बायकांनी चिंधीवर चिंधी ठेवून घरं कशी राखली, हा इतिहास मी एकदाही शिकवला नाही. कारण तो मला इतिहास वाटलाच नाही, गरिबी वाटली. ती गरिबी होतीच, तिचे गोडवे गाऊ नयेत. आईला नवं लुगडं मिळालं असतं तर तिने आनंदाने नेसलं असतं. पण गरिबीची लाज वाटणं वेगळं आणि त्या गरिबीत वापरलेल्या अकलेची लाज वाटणं वेगळं. मी दोन्हींची गल्लत केली.

पुढे कृत्रिम धाग्याच्या साड्या स्वस्त झाल्या. त्या विरत नाहीत, घाम शोषत नाहीत, सुईखाली सरकतात. सुती लुगडी गेली, तसं वाकळीचं कापडच गेलं. आता घरात कपडे इतके की टाकायला जागा नाही. 'टाकाऊ' हा शब्द भरल्या घरातच जन्माला येतो.

असो. संध्याकाळी नातीला फोन करून सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. आईची किंवा आजीची जुनी सुती साडी घ्या, गरम पाण्यात धुऊन वाळवा. हातभर चौरस चार तुकडे कापून एकावर एक अंथरा, सुरकुती राहू देऊ नका. कडा आत दुमडून मोठ्या टाक्यांनी कच्च्या शिवा. मग दुहेरी दोऱ्याने कडेपासून सुरू करून, बोटभर अंतर ठेवत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यापर्यंत या. दोऱ्याची गाठ आतल्या थरात लपवा. झालं आसन!

"एका दिवसात होईल?" तिने विचारलं.

"नाही होणार. चार दिवस लागतील. बाईंना सांग, आजोबांनी उशीर केला."

तिच्या आईने जुनी साडी काढून दिली आहे. काल फोटो आला, टाके वाकडेतिकडे, पण दोन चौकोन पुरे झालेत.

आईची वाकळ मी पुन्हा कपाटात ठेवलेली नाही. रात्री पांघरतो. पोत्याचं अस्तर अजून थोडं टोचतं. टोचू दे.

तुमच्याकडे वाकळीला काय म्हणतात? कोणाच्या हातची आहे? जरूर कळवा.