फौजेतून उतरलेल्या रायफली

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे 50 मैलांवर, हडसन नदीच्या पात्रात, पॉलोपेल नावाचे एक लहानसे बेट आहे, आणि त्या बेटावर स्कॉटलंडमधील गढ्यांच्या धर्तीवर बांधलेल्या एका इमारतीचे भग्नावशेष काठावरून जाणाऱ्या आगगाडीतील उतारूंच्या दृष्टीस आजही पडतात. ही गढी कोणा सरदाराची नव्हे. ती फ्रान्सिस बॅनरमन नावाच्या व्यापाऱ्याची वखार होती. डंडी येथे 1851 साली जन्मलेला आणि लहानपणीच ब्रुकलिनला आलेला हा गृहस्थ यादवी युद्ध संपल्यानंतरच्या सरकारी लिलावांत टाकाऊ ठरलेला लष्करी सरंजाम खरेदी करू लागला. 1898 साली स्पेनशी झालेल्या युद्धानंतर तर शत्रूकडून हस्तगत केलेल्या मालाचा बहुतेक सर्व हिस्सा त्याने एकट्याने उचलला, आणि एवढी दारू व काडतुसे भरवस्तीत ठेवणे शहराच्या कायद्यास मान्य होईना म्हणून 1900 साली ते बेटच विकत घेतले. पुढे 1920 साली दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि गढीचा काही भाग उडाला. पण तोवर बॅनरमन निवर्तला होता, आणि फौजेतून उतरलेली बंदूक सामान्य गृहस्थाच्या हाती जाण्याचा मार्ग चांगला मळलेला होता.

प्रत्येक राष्ट्राची फौज दर पिढीस आपली बंदूक बदलते, आणि जुन्या लक्षावधी बंदुकांचे काय करावे हा प्रश्न दर वेळी तिच्या कोठारांपुढे उभा राहतो. आपल्याकडे इंग्रजी अमदानीने या प्रश्नाचे उत्तर निःशस्त्रीकरणाच्या धोरणातच देऊन ठेवले होते. 1878 च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवला, आणि ज्यांना परवाना मिळे त्यांच्या बंदुकीत फौजेच्या .303 मापाचे काडतूस चालता कामा नये, अशी खबरदारी सरकारने घेतली. ईशापूरच्या कारखान्यात शिकाऱ्यांसाठी बनलेल्या रायफली फौजी ली-एन्फील्डच्याच घडणीच्या असूनही .315 मापाच्या का, याचे कारण त्या खबरदारीत आहे. असल्या बंदोबस्तात घरगुती शिकलगारीचा छंद उपजणे शक्यच नव्हते. अमेरिकेत मात्र सरकार स्वतः विक्रेता झाले. नेमबाजीत तरबेज प्रजा हाताशी असावी म्हणून तेथील काँग्रेसने 1903 साली रायफल-अभ्यासासाठी एक राष्ट्रीय मंडळ नेमले, 1905 साली जादा लष्करी शस्त्रे नेमबाजी मंडळांस विकण्यास मान्यता दिली, आणि पहिल्या महायुद्धानंतर तर नॉर्वेच्या घडणीची क्रॅग रायफल राष्ट्रीय रायफल संघाच्या सभासदांस दीड डॉलरला मिळू लागली. दीड डॉलरच्या वस्तूस करवत लावताना कोणाचा हात थरथरणार?

फौजी रायफल जशीच्या तशी शिकाऱ्याच्या कामाची नसते. तिचे लाकूड जवळजवळ नळीच्या तोंडापर्यंत आलेले असते, संगीन अडकविण्याची सोय उगाच ओझे वाढविते, दस्ता रांगेतील कोणत्याही शिपायास चालेल अशा सरासरी मापाचा असतो, आणि बोल्टाची मूठ दुर्बिणीच्या आड येते. हे दोष काढून तिला देखणे रूप देता येते, हे प्रथम श्रीमंतांना सुचले. थिओडोर रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदी असताना स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेकडूनच एक शिकारी रायफल करवून घेतली आणि 1909 साली ती आफ्रिकेस नेली. लॉस एंजेलिसच्या लुई वुंडहॅमर या कारागिराने 1910 च्या सुमारास लेखक स्ट्यूअर्ट एडवर्ड व्हाइट आणि त्याच्या मित्रांसाठी तसल्याच रायफली घडविल्या. रूझवेल्ट यांच्या आफ्रिकेतील शिकारीचे वर्णन वाचून न्यूयॉर्कच्या सेमूर ग्रिफिन या सुताराने एक स्प्रिंगफील्ड रायफल मिळविली, तिला अक्रोडाचा नवा दस्ता बसविला, आणि मग लोक त्याच्याकडे तसाच दस्ता मागत येऊ लागले. टाउनसेंड व्हेलन या लष्करी अधिकाऱ्याने ग्रिफिनची गाठ धातुकामात निष्णात अशा जेम्स हाउ याच्याशी घालून दिली. 1923 साली त्या दोघांच्या नावाची पेढी सुरू झाली. ज्यांच्याजवळ पेढीचा मोबदला देण्याइतके पैसे नव्हते त्यांनी नियतकालिकांतील व्हेलनचे लेख पुढ्यात घेऊन तेच काम घरच्या तळघरात आरंभिले.

या कामात जिवाला धोका नव्हता असे नाही. स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेतील जुने भट्टीवाले तापलेल्या पोलादाचा रंग निव्वळ नजरेने पारखीत. परंतु लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग डोळ्यांस फिका भासतो, आणि मग कारागीर पोलाद आणखी तापवितो व ते ठिसूळ होते, ही गोष्ट 1917 साली काही रायफली फुटल्यावर उमगली. तेव्हापासून मोजयंत्रे आली आणि उष्णसंस्काराची पद्धतच बदलली. आणि स्प्रिंगफील्डच्या 8,00,000 व रॉक आयलंड शस्त्रशाळेच्या 2,85,507 या अनुक्रमांकांच्या आतील प्रत्येक रायफल संशयित ठरली. जनरल ज्युलियन हॅचर याने हा सारा इतिहास 1947 च्या आपल्या ग्रंथात टिपून ठेवला आहे. बॅनरमनने झारच्या रशियासाठी बनलेल्या मोसिन रायफली अमेरिकन काडतुसाच्या मापाच्या करून विकल्या, त्यांना तर जाणकार मंडळी हात लावायला आजही तयार नसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर फौजी बंदुकांच्या या ओढ्याला पूर आला. सॅम्युएल कमिंग्ज या तरुणाने 1953 साली स्थापिलेल्या इंटरआर्मको कंपनीने युरोपातील व दक्षिण अमेरिकेतील कोठारे जणू झाडून काढली, आणि व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे पोटोमॅक नदीकाठच्या तिच्या वखारींत माउझर, एन्फील्ड, कारकानो या रायफलींच्या राशी पडल्या. नव्या विंचेस्टरला 100 डॉलरांहून अधिक मोजावे लागत असताना ली-एन्फील्ड दहा-पंधरा डॉलरांत टपालाने घरपोच येई. ती यायची कॉस्मोलिन नावाच्या तपकिरी, चिकट वंगणात बुडालेली. हे वंगण उकळत्या पाण्याने आणि रॉकेलासारख्या द्रवाने धुवून काढावे. दस्त्याचे खळगे ओल्या फडक्यावर इस्त्री ठेवून वाफेने फुगवून वर आणावेत. काचकागदाने घासून बेलतेलाचे पातळ हात तळव्याच्या उबेने जिरवावेत, आणि प्रत्येक हातानंतर लाकडास सुकू द्यावे. नळीस क्षारांच्या कढत कुंडात निळसर काळा रंग चढवावा: या साऱ्यात कित्येकांचे हिवाळे गेले. पिस्तुलांच्या वाट्यास यापेक्षा कमी आदर आला. कित्येक वेब्ली रिव्हॉल्व्हरांची चक्री मागून तासून अमेरिकन पिस्तुलाच्या काडतुसाजोगी केली, आणि कित्येकांवर निकेलचा चकचकीत मुलामा फासला, याहून अधिक लिहिण्याजोगे त्यांत काही नाही. दस्ता स्वतः कोरण्याचे धाडस नसेल त्याच्यासाठी मिसूरीतील वॉर्सा या लहान गावी बिशप आणि फायेन यांचे कारखाने अर्धवट कोरलेले अक्रोडी दस्ते पाठवीत, आणि आयोवातील ब्राउनेल यांची पेढी हत्यारे व रसायने पुरवी.

निगा राखण्याच्या कामातही एक शास्त्र होते. जुन्या फौजी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियमचा क्लोरेट असे. गोळी सुटल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो, हवेतील ओल शोषतो आणि एका रात्रीत गंज धरवितो. हा क्षार तेलाने जात नाही, पाण्यानेच जातो, म्हणून पोलादाच्या नळीत प्रथम कढत पाणी ओतायचे आणि मगच तेलाचे फडके फिरवायचे, हा उलटा वाटणारा क्रम नवख्याला नेटाने शिकवावा लागे. ज्या .303 काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ हा ठसा असे, ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. पुण्याजवळच्या त्या कारखान्याचा माल समुद्रापलीकडील कोणा अनोळखी गृहस्थास हाच धडा शिकवीत असेल, ही कल्पना मला मोठी गमतीची वाटते.

मग हा पूर एकाएकी आटला. 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर जी कारकानो रायफल झाडली गेली ती दुर्बिणीसह 19 डॉलर 95 सेंटांस शिकागोच्या एका दुकानातून, खोट्या नावाने, टपालाने मागविलेली होती. 1968 च्या कायद्याने टपालाने होणारी बंदूकविक्री बंद केली आणि परदेशी लष्करी बंदुकांची आयातही रोखली. यात केवळ लोकरक्षणाचा हेतू होता असे मानणे भोळेपणाचे होईल: आयातबंदीची मागणी मूळ देशी कारखानदारांची होती, आणि 1958 साली तसे विधेयक सिनेटपुढे मांडणारे गृहस्थ मॅसॅच्युसेट्सचे तरुण सिनेटर जॉन केनेडी हेच होते. काही जुन्या बंदुकांपुरती बंदी 1984 साली सैल झाली, आणि सोव्हिएत साम्राज्य कोसळल्यावर मोसिन रायफली पुन्हा शंभर डॉलरांच्या आत मिळू लागल्या. परंतु तोपर्यंत शौकिनांची नीतीच पालटली होती.

पूर्वी ज्याला सुधारणा म्हणत ती आता विद्रूपता ठरली. करवतीने आखूड केलेला दस्ता, छिद्रे पाडलेले पोलाद, कानशीने उडविलेले सैनिकी ठसे, हे सर्व अपराध मानले जाऊ लागले, आणि ज्या रायफलीच्या सर्व भागांवर एकच अनुक्रमांक आहे तिची किंमत छाटलेल्या बहिणीच्या कितीतरी पट झाली. आता नवे शौकीन छाटलेली रायफल स्वस्तात घेऊन मूळ घडणीचे लाकूड शोधतात व आजोबांनी काढून टाकलेले सारे परत बसवितात. मला या शुद्धतेच्या हट्टाचे थोडे हसू येते. फौजा स्वतः कोणत्या सोवळ्यात होत्या? सोव्हिएत शस्त्रशाळांनी जिंकून आणलेल्या जर्मन माउझर सुट्या करून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून, नवा रंग देऊन, विजोड भागांवर नवे अनुक्रमांक उमटवून पुन्हा कोठारात रचल्या. अमेरिकन शस्त्रशाळांनीही युद्धात झिजलेल्या रायफलींचे असेच पुनरुज्जीवन केले. वस्तू मुबलक होती तोवर ती कच्चा माल होती, दुर्मिळ होताच तिला अवशेषाची प्रतिष्ठा आली, एवढाच या नीतीचा पाया आहे. तरीही ती सर्वत्र सारखी लागू होत नाही. वुंडहॅमरने किंवा ग्रिफिन आणि हाउ यांच्या पेढीने ज्या स्प्रिंगफील्ड छाटल्या, त्या आज अस्सल फौजी स्प्रिंगफील्डहूनही महाग विकल्या जातात, आणि त्यांना पुन्हा शिपायाचे लाकूड चढविण्याची भाषा कट्टर शुद्धतावादीसुद्धा करीत नाही.