घराण्याची कट्यार : वारशाचे वाचन आणि जतन

महाराष्ट्रातील अनेक जुन्या घरांत, देव्हाऱ्यात, माळ्यावरच्या पेटीत किंवा कोठीच्या खोलीत, फडक्यात गुंडाळलेले एखादे पाते असते. खंडेनवमीला ते बाहेर निघते, त्याला हळदकुंकू वाहिले जाते आणि पुन्हा वर्षभर ते अंधारात जाते. हे काय आहे, असे विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते : पूर्वजांनी लढाईत वापरलेली कट्यार. ही लढाई पुष्कळदा पानिपतची असते. १४ जानेवारी १७६१ रोजी ज्या सैन्याची वाताहत झाली, त्यातला पूर्वज आपले शस्त्र घेऊन घरी कसा परतला, हा प्रश्न मात्र घरात कोणी विचारलेला नसतो. असे होणे अशक्य होते, असे आमचे म्हणणे नाही; पण प्रश्न विचारायला हवा, एवढेच.

साहित्याच्या अभ्यासकांनी या शस्त्रविद्येत का पडावे, अशी शंका येईल. आमच्या मते जुने पाते वाचण्याची रीत ही जुनी पोथी वाचण्याच्या रीतीची सख्खी बहीण आहे. पोथी हाती आली की आपण कागद, शाई, अक्षरवळण, लेखनकाल आणि मजकूर यांचा वेगवेगळा विचार करतो. पुष्पिकेतील शक खरा मानण्यापूर्वी तो उर्वरित पुराव्याशी ताडून पाहतो. पात्याच्या बाबतीत हीच शिस्त आपण का सोडून देतो?

पहिला प्रश्न नावाचा आहे. 'कट्यार' हा शब्द आपण कोणत्याही आखूड शस्त्राला सर्रास लावतो. वस्तुतः कट्यारीची घडण अगदी वेगळी आहे. दोन समांतर उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या अशी तिची मूठ असते. ती मुठीत आवळून ठोसा मारावा तसा वार करतात, त्यामुळे पाते मनगटाच्या सरळ रेषेत येते. पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. बिचव्याचे पाते दुहेरी वळणाचे, विंचवाच्या नांगीची आठवण देणारे असते आणि मूठ कड्यासारखी बंद असते. जंबिया अरबी वळणाचा, रुंद आणि वाकडा. मराठ्यांच्या व निजामाच्या चाकरीत अरब शिपाई होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो दख्खनच्या घरात सापडण्याचे नवल वाटत नाही. पेशकब्जाला एकच धार आणि जाड पाठ असते, आणि त्याचे पाते टोकाकडे निमुळते होत जाते. घरातली वस्तू यांपैकी कोणती, हे ठरल्यावर तिच्याविषयीच्या कथेपैकी काही भाग आपोआप टिकतो आणि काही गळून पडतो.

दुसरा प्रश्न थरांचा. पाते आणि मूठ एकाच काळातील असतीलच असे नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपीय तलवारींच्या पात्यांना दख्खनमध्ये मोठी मागणी होती. अशा पात्याच्या तलवारीला 'फिरंग' हे नावच पडले. मोडलेल्या फिरंगी पात्याचा तुकडा कट्यारीच्या मुठीला रिबिटांनी जोडल्याची उदाहरणे दक्षिणेत विपुल आहेत. म्हणून पात्यावर दोन-तीन अरुंद, समांतर पन्हळी असतील आणि ते मुठीशी एकसंध नसून रिबिटांनी बसवलेले असेल, तर मूळ पाते दुसऱ्याच कोठल्या शस्त्राचे होते का, हे तपासावे लागते. एकाच वस्तूत दोन देश आणि दोन शतके नांदत असतात. पोथीतील प्रक्षेप ओळखणाऱ्याला हे चमत्कारिक वाटू नये. येथे प्रक्षेप हा दोष नसतो, तो त्या वस्तूचा इतिहासच असतो.

तिसरा प्रश्न लेखाचा. पात्यावर अक्षरे दिसली की पुरावा मिळाला असे वाटते. पण 'आंद्रेआ फेरारा' हे इटालियन कारागिराचे नाव युरोपभर इतक्या पात्यांवर कोरले गेले, की ते नाव म्हणजे केवळ चांगल्या मालाची ग्वाही उरले. धावत्या लांडग्याची जर्मन खूणही अशीच इतरत्र उचलली गेली. प्रतिष्ठित नावावर आपला मजकूर खपवण्याची परंपरा संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना नवी नाही. नाममुद्रेवरून कर्तृत्व ठरवताना घ्यावी लागणारी सावधगिरी येथेही घ्यावी लागते.

या संदर्भात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखांचे उदाहरण बोलके आहे. तीही एका घराण्याच्या वारशाचीच वस्तू. १८१८ नंतर साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी असलेला आणि पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती आली आणि त्याच्या नातवाने ती संग्रहालयाला दिली. ती शिवाजी महाराजांची आहेत, ही माहिती सोबतच्या पेटीवरील मजकुरात येते; तो मजकूर ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाल्याचे सांगतो. १६५९ची प्रतापगडची भेट आणि पेटीवरील तो मजकूर यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि ते भरून काढणारी अखंड साखळी हाती नाही. म्हणूनच हीच ती वाघनखे, याची खात्री देता येत नाही, असे संग्रहालय स्वतः नमूद करते. जुलै २०२४मध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आणली गेली, तेव्हा हा वाद पुन्हा रंगला. त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. श्रद्धेचे मूल्य आणि पुराव्याचे मूल्य ही दोन वेगळी मूल्ये आहेत. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, आणि एकाने दुसरे खोटेही पडत नाही.

ही शस्त्रे देव्हाऱ्यात कशी गेली, हाही इतिहासाचाच भाग आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्र लावून हिंडणे गुन्हा ठरला. कमरेची कट्यार कमरेवर राहू शकली नाही. लग्नात नवरदेवाच्या हाती, टोकाला लिंबू खोचून, आणि खंडेनवमीला पाटावर, अशा दोन जागी तिचे स्थान अबाधित राहिले. आज आपण जिला पूजेची वस्तू म्हणून ओळखतो, तिच्या पूजेमागे धर्माइतकाच हा सक्तीचा निःशस्त्रपणाही असावा, असे आम्हास वाटते.

मात्र घरातले प्रत्येक जुने पाते शस्त्रच असते, हा समजही सोडावा लागतो. कुळकर्णी, देशपांडे, चिटणीस, फडणीस अशा लेखणीवर जगलेल्या घराण्यांत एक लहानसा, मजबूत पात्याचा चाकू सापडण्याचा संभव कट्यारीपेक्षा अधिक. बोरू तासण्याचा हा चाकू. फारसी परंपरेत त्याला 'कलमतराश' म्हणत. बोरूचे टोक कोणत्या कोनात छाटले यावर अक्षराची जाडी अवलंबून असे, आणि लिहिता लिहिता टोक बोथटले की ते पुन्हा छाटावे लागे. ज्या मोडी कागदांवर आपला इतिहास उभा आहे, त्यांतील ओळीओळीमागे असे एखादे पाते आहे. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली, कागद दप्तरांतून वाचवले; पण तो कागद लिहिणाऱ्याचा चाकू जपावा असे फार थोड्यांना वाटले. अपवाद पुण्याच्या दिनकर केळकरांचा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने दिवे, अडकित्ते, दौती यांसारख्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. आपल्या घरातले पाते कट्यार नसून कलमतराश निघाले, तर निराश होण्याचे कारण नाही. आपले घराणे काय करून जगले, याचा तो अधिक प्रामाणिक साक्षीदार आहे.

आता जतनाविषयी. सर्वांत मोठा धोका गंजाचा नाही, उत्साहाचा आहे. वारसा हाती आला की तो चकचकीत करावासा वाटतो. मग चिंच, राख, पॉलिश कागद, किंवा धार लावणाऱ्याचे यंत्र. जुन्या पोलादाच्या काही पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते. मुशीत वितळवून घडवलेल्या, कर्बाचे प्रमाण अधिक असलेल्या दख्खनी पोलादाची ही खूण. हे पोलाद तयार करणाऱ्या गावांपैकी तेलंगणातील कोनासमुद्रम प्रसिद्ध आहे. घासकामाने ही नक्षी दिसेनाशी होते आणि पाते अति तापवले तर ती नष्ट होऊ शकते. अक्षरे पुसून कोरा केलेला कागद जसा पोथी उरत नाही, तसेच हे.

गंजातही भेद आहे. काळसर-तपकिरी, घट्ट बसलेला थर पात्याला बहुधा धोका देत नाही. तो वयाचा लेख आहे, त्याला हात लावू नये. नारिंगी, बोटाला लागणारी भुकटी मात्र चालू गंजाची खूण. ती मऊ कापड व हलके खनिज तेल यांनी हळूहळू उचलावी. त्यापुढचे काम संग्रहालयातील जतनतज्ज्ञावर सोपवावे. खोबरेल तेल लावण्याची आपली रीत आहे, पण ते कालांतराने चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि पितळी मुठीवर हिरवा थर धरतो. हातांच्या घामातील क्षार पोलादाला बाधतात, म्हणून पाते हातमोजे घालून धरावे. कातडी म्यान ओलावा धरून ठेवते. तेव्हा म्यान आणि पाते शेजारी, पण वेगवेगळे ठेवावे. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत ही काळजी दुप्पट. पूजा थांबवण्याची गरज नाही, परंतु ओले हळदकुंकू आणि विशेषतः लिंबाचा रस पात्याला खातो. पूजेनंतर ते कोरडे पुसले पाहिजे.

कायद्याचेही भान ठेवावे. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे नियम यांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते, घरगुती वा शेतीचे नसल्यास, शस्त्र ठरते. परवाना लागतो की नाही, हे त्या त्या भागातील अधिसूचनेवर अवलंबून असते. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांना आठवण म्हणून ती देऊ पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

शेवटी एक काम उरते, आणि ते आपलेच आहे. वस्तूची लांबी-रुंदी, वजन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे नोंदवावीत. आणि त्यासोबत घरातली कथाही लिहावी. ती कोणी, कोणाकडून ऐकली, कोणत्या शब्दांत सांगितली, हे जसेच्या तसे. कथा चुकीची ठरली तरी ती टाकू नये. पानिपतची म्हणून सांगितलेली कट्यार शंभर वर्षांनी उशिराची निघाली, तर पानिपतविषयी तिला काही सांगता येणार नाही. पण एका कुटुंबाला पानिपतशी नाते सांगावेसे का वाटले, हे ती सांगेल. फक्त वस्तू आणि कथा यांची नोंद दोन वेगळ्या रकान्यांत हवी. पुढच्या वाचकाला कोणता शब्द पात्याचा आणि कोणता आपला, हे कळले पाहिजे.