जुराची पिवळी वाइन आणि तिचे ताटातील सोबती

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, बर्गंडी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये, जुरा पर्वताच्या उतारांवर द्राक्षमळ्यांचा एक चिंचोळा पट्टा आहे. एकोणिसाव्या शतकात येथे सुमारे २०,००० हेक्टरवर द्राक्षे होती. फिलॉक्सेरा या किडीच्या प्रादुर्भावानंतर हे क्षेत्र घटत गेले आणि आज ते जेमतेम २,००० हेक्टरच्या आसपास आहे. या प्रदेशाची खरी ओळख म्हणजे ‘व्हँ झोन’, अर्थात पिवळी वाइन. ती कोणत्या पदार्थासोबत घ्यावी, याचे उत्तर तिच्या घडणीतच दडलेले आहे.

ही वाइन ‘साव्हान्यँ’ या एकाच पांढऱ्या द्राक्षापासून होते. पिंपात ठेवलेल्या वाइनचा काही अंश उडून जातो. अन्यत्र ही तूट वेळोवेळी भरून काढतात, कारण हवा लागली की वाइनचा सिरका होण्याचे भय असते. जुरामध्ये मात्र पीप मुद्दाम तसेच अपुरे ठेवतात. दुधावर साय धरावी तसा यीस्टचा पातळ पापुद्रा हळूहळू वाइनवर पसरतो आणि हवेपासून तिचे रक्षण करतो. नियमानुसार द्राक्षतोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत ती मुरवावी लागते आणि त्यातील किमान ६० महिने या पापुद्र्याखाली जावे लागतात. एक लिटर वाइनमधून इतक्या काळानंतर सुमारे ६२० मिलिलिटर उरते, असे परंपरा सांगते. तिची ‘क्लाव्हलँ’ ही बुटकी, रुंद खांद्यांची बाटलीही तेवढ्याच मापाची. मात्र प्रत्येक पीप यशस्वी होत नाही. काही मध्येच बिघडतात आणि उत्पादकाची अनेक वर्षांची प्रतीक्षा वाया जाते.

लुई पाश्चर यांचे बालपण याच भागातील आर्ब्वा गावी गेले आणि वाइनच्या रोगांवरील त्यांचे संशोधनही बऱ्याच अंशी तेथेच झाले. सूक्ष्मजीव वाइन नासवतात हे त्यांनी दाखवले. त्यांच्याच गावात सूक्ष्मजीवांच्या आधारे वाइन घडवली जाते, हा योग मोठा गमतीचा! डोंगरमाथ्यावरील शातो-शालाँ हे गाव या वाइनचे माहेरघर मानले जाते. तेथे तोडणीपूर्वी मळ्यांची तपासणी होते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षी द्राक्षे अपेक्षित दर्जाची नसल्याने गावाच्या नावाने वाइन काढण्यातच आली नाही.

दीर्घ मुरवणीत या वाइनमध्ये ‘सोटोलॉन’ नावाचे संयुग तयार होते. मराठी वाचकाला त्याचा गंध अपरिचित नाही, कारण मेथीदाण्यांचा विशिष्ट वास याच संयुगामुळे येतो. त्याच्या जोडीला अक्रोड, सुकामेवा आणि किंचित मसाल्याची छटा असते. चव पूर्णतः कोरडी, आंबटपणा धारदार. स्निग्ध पदार्थ हा आंबटपणा सावरून घेतात. म्हणूनच त्याच डोंगरांवरील गायींच्या दुधाचे, वर्ष-दीड वर्ष मुरलेले ‘काँते’ चीज आणि मूठभर अक्रोड ही तिची सर्वांत सोपी व बहुधा सर्वांत उत्तम सोबत होय. स्थानिक मेजवानीचा पदार्थ म्हणजे साय आणि गुच्छी (काश्मीरमध्येही मिळणारे रानटी अळिंबे) घालून याच वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. अर्थात, सगळी बाटली पातेल्यात ओतणे हा अपव्ययच. साध्या साव्हान्यँमध्ये कोंबडा शिजवून शेवटी थोडीशी पिवळी वाइन घातली तरी रश्शाला तिचा गंध येतो.

मेथीशी असलेल्या या नात्यामुळे सौम्य, मलईदार करीबरोबरही ती जुळते. झणझणीत रश्शापासून मात्र तिला दूर ठेवावे, कारण तिच्यातील १३ ते १५ टक्के मद्यार्काने तिखट अधिकच झोंबते. गोड पक्वान्न आणि नाजूक चवीचे मासे यांच्याशीही तिचे जमत नाही.

ती बर्फासारखी थंडगार करू नये. १४ ते १६ अंश सेल्सियस तापमान पुरेसे आहे. जेवणाच्या काही तास आधी बाटली उघडून ठेवावी. उरलेल्या वाइनची चिंता नको. हवेशी तिची जुनी ओळख असल्याने उघडलेली बाटली बूच लावून ठेवल्यास काही आठवडे उत्तम टिकते.