ट्रेलर, वारा आणि पेट्रोलचं बिल

पिकअप ट्रकच्या मागे राहायचा ट्रेलर जोडला की गाडीचं अ‍ॅव्हरेज बऱ्याचदा निम्म्यावर येतं, ही अमेरिकेतल्या ट्रेलरवाल्यांची जुनी तक्रार आहे. कारण विचारलं की बहुतेक जण सांगतात, “वजन!” तीन टनांचं ओझं ओढायचं म्हणजे तेल लागणारच. ऐकायला पटतं, पण हायवेवर ते पूर्ण खरं नाही. तिथे बहुतेक इंधन वारा खातो. आणि हे काही आजकाल लागलेले शोध नाहीत. नव्वद वर्षांपूर्वी एका ग्लायडरवाल्याने ते ओळखून तसा ट्रेलर बांधलाही होता. मग आजचे बहुतेक ट्रेलर खोक्यासारखे का? या लेखात त्याचा इतिहास सांगतो.

माझा पीएचडीचा विषय ‘बोथट’ वस्तूंभोवतीचा हवेचा प्रवाह. मासा किंवा विमानाचा पंख यांच्याभोवती हवा चिकटून, सरळ वाहते. वीट, ट्रक, इमारत यांच्या कडांवरून मात्र ती सुटते आणि मागे भोवऱ्यांचा गोंधळ होतो. पुढून हवेचा जास्त दाब आणि मागे कमी दाब, या फरकामुळे जो विरोध होतो तो म्हणजे ड्रॅग. ट्रेलर हे बोथट वस्तूचं अगदी पुस्तकी उदाहरण आहे.

आधी थोडं गणित

ढोबळ आकडे घेऊ. पिकअप अडीच टनांचा, ट्रेलर तीन टनांचा, एकूण ५,५०० किलो. सपाट रस्त्यावर टायरचा विरोध वजनाच्या साधारण एक टक्का धरला तर तो होतो सुमारे ५४० न्यूटन. वेग बदलला तरी तो फारसा बदलत नाही. ट्रेलरचं समोरचं क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटर आणि ड्रॅग गुणांक ०.७ धरू. ताशी १०५ किलोमीटरला हवेचा विरोध येतो सुमारे २,३०० न्यूटन. म्हणजे टायरच्या चौपटीहून जास्त!

आता ट्रेलरमधलं ५०० किलो सामान उतरवा. सपाट रस्त्यावर वाचतील ५० न्यूटनही नाहीत. त्याऐवजी सामान तसंच ठेवून वेग १०५ वरून ९० वर आणा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो १,७०० पर्यंत उतरतो. एकूण विरोधात साधारण २१ टक्के घट. किंमत काय, तर दर शंभर किलोमीटरला दहा मिनिटं जास्त. (घाटात आणि थांबत-थांबत जाताना वजन महत्त्वाचं ठरतं, हे खरं. इथे चर्चा लांबच्या सपाट हायवेची आहे.)

या उदाहरणात हवा आणि टायर यांचा विरोध ताशी ५० किलोमीटरच्या आसपास सारखा होतो. त्याखाली वजनाचं राज्य, त्यावर वाऱ्याचं. आपल्याकडची उसाची ट्रॉली कितीही चौकोनी असली तरी चालतं, ते याचमुळे. तिचा वेगच तितका नसतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ग्लायडरवाल्याचा ट्रेलर

हॉली बोलस हा कॅलिफोर्नियातला ग्लायडर बांधणारा माणूस. चार्ल्स लिंडबर्गने अटलांटिक पार केलेलं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ ज्या रायन कंपनीत बांधलं गेलं, तिथे त्याने काम केलं होतं. ग्लायडरला इंजिन नसतं, त्यामुळे ड्रॅग जरा वाढला की उतरावंच लागतं. असा माणूस ट्रेलर बांधायला बसला तर तो कसा बांधेल? १९३४ मध्ये त्याने ‘रोड चीफ’ आणला. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेट ठोकलेली गोलसर काया, मागे निमुळती होत गेलेली. दार बाजूला नव्हतं, चक्क पुढच्या टोकाला होतं, गाडीला जोडायच्या दांड्याच्या वर.

धंदा काही चालला नाही, दोन-तीन वर्षांत आटोपला. पण हे ट्रेलर विकणाऱ्यांपैकी एक होता वॉली बायम. त्याने ती कल्पना उचलली, दार बाजूला नेलं आणि १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला. किंमत १,२०० डॉलर, मंदीच्या काळात चांगलीच जड. ‘क्लिपर’ हे नाव पॅन अ‍ॅम कंपनीच्या विमानांवरून घेतलेलं. आजही चंदेरी, गोलसर एअरस्ट्रीम अमेरिकेच्या रस्त्यांवर दिसतो.

एअरस्ट्रीमची १९४७ सालची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. आल्फ्रेड लेतूर्नर हा फ्रेंच सायकलपटू सायकलला अख्खा ट्रेलर बांधून ओढतोय. बघणाऱ्याला वाटावं, काय तो आकार, वाऱ्याला कापत जाणारा! पण वरचा ५० किलोमीटरचा आकडा आठवा. ट्रेलर ओढणाऱ्या सायकलच्या वेगाला हवेचा विरोध नगण्य असतो. त्या फोटोने सिद्ध झालं ते एवढंच, की ट्रेलर हलका आहे आणि त्याची चाकं छान फिरतात. गोलसर आकाराचा खरा फायदा फोटोत दिसणं शक्यच नव्हतं. माझ्या मते पुढची सगळी अडचण इथेच आहे. वजन डोळ्यांना दिसतं, ड्रॅग दिसत नाही.

खोक्यांचा काळ

युद्धानंतर अमेरिकेत हायवे वाढले, पगार वाढले आणि पेट्रोल गॅलनला तीस-पस्तीस सेंटच्या आसपास राहिलं. ट्रेलर बनवणाऱ्यांनी सोपा मार्ग धरला. लाकडी सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, सरळ भिंती, काटकोनी कोपरे. गोलाई द्यायची म्हणजे पत्रा वाकवण्याची कारागिरी आणि खर्च. शिवाय गोल भिंतीला कपाट किंवा पलंग नीट बसत नाही. गिऱ्हाईक ट्रेलर आतून बघून घेतं, झोपायला किती जागा, स्वयंपाकाला किती जागा. मैलामागे किती पेट्रोल जास्त लागेल हे शोरूममध्ये कुठेच लिहिलेलं नसायचं.

आणि माहिती नव्हती असंही नाही. १९५३ मध्येच मेरिलँड विद्यापीठाच्या विंड टनेलमध्ये मालवाहू ट्रेलरच्या प्रतिकृतींवर प्रयोग झाले होते. पुढच्या कडा गोल केल्या की ड्रॅग बराच उतरतो, हे तेव्हाच कागदावर आलं होतं. ते वीस वर्षं कागदावरच राहिलं.

१९७३: सायकलवरचा इंजिनिअर

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. काही महिन्यांत बॅरलचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. पंपांवर रांगा लागल्या.

त्याच वर्षी मोहावीच्या वाळवंटातल्या नासाच्या उड्डाण संशोधन केंद्रात एडविन साल्ट्झमन नावाचा इंजिनिअर काम करत होता. तो सायकलने कामावर जायचा. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी एक धक्का बसायचा, सायकल बाहेर ढकलली जायची. मग ट्रक पुढे सरकला की सायकल आत ओढली जायची. आपल्याकडे हायवेवर दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. साल्ट्झमनच्या डोक्यात वेगळं चक्र फिरलं. ट्रक एवढी हवा ढकलतो आणि ओढतो, तर त्याचं इंधन कुठून जातंय?

त्याच्या गटाने एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेतली आणि तिच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा खोका उभा केला, सगळे कोपरे काटकोनी. बुटांच्या खोक्यासारखी दिसते म्हणून तिला ‘शूबॉक्स’ म्हणत. मोजण्याची पद्धत साधी. गाडी ताशी ६० मैलांपर्यंत न्यायची, न्यूट्रलमध्ये टाकायची आणि वेग किती लवकर उतरतो ते बघायचं. जितका ड्रॅग जास्त, तितकी गाडी लवकर मंदावणार. (ही पद्धत आजही वापरतात.)

मग एकेक कड गोल करत गेले. उभ्या कडा गोल केल्या तर ड्रॅग ४० टक्क्यांनी उतरला. आडव्याही केल्या तर ५४ टक्क्यांनी! बदल्यात आतली जागा गेली फक्त ३ टक्के. पुढच्या फेरीत गाडीचा तळ झाकला आणि मागचा भाग होडीच्या शेपटासारखा निमुळता केला, तेव्हा आणखी घट मिळाली. नंतर हेच प्रयोग खऱ्या मोठ्या ट्रकवर झाले. आज अमेरिकन ट्रकच्या केबिनवर जी गोलसर टोपी दिसते, तिच्यामागे या कामाचा मोठा हात आहे.

पुढच्याने मागच्याला झाकणं

याच सुमारास कॅलटेकमध्ये अनातोल रोश्को वेगळा प्रश्न सोडवत होते. दोन बोथट वस्तू एकामागे एक ठेवल्या तर एकूण ड्रॅग किती? सहज वाटेल, दोघांची बेरीज. त्यांनी केनिगबरोबर गोल दंडगोलापुढे एक लहान चकती ठेवली. योग्य व्यासाची चकती योग्य अंतरावर ठेवली, तर दोन्ही मिळून ड्रॅग एकट्या दंडगोलाच्या ड्रॅगच्या अगदी क्षुल्लक अंशावर आला! चकतीच्या कडेवरून सुटलेली हवा दंडगोलाच्या खांद्यावर अलगद टेकली. मधल्या फटीत एक भोवरा अडकून राहिला आणि दंडगोलाच्या तोंडावर हवा आदळलीच नाही. हे काम १९८५ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालं. आम्हा विद्यार्थ्यांना आजही वाचावं लागतं.

आता चकतीच्या जागी पिकअपची केबिन आणि दंडगोलाच्या जागी ट्रेलर ठेवून बघा. अडचण लगेच दिसते. केबिन बुटकी, ट्रेलर उंच, आणि मध्ये हौदा आणि जोडणीचा दांडा मिळून तीन-साडेतीन मीटरचं अंतर. केबिनवरून सुटलेली हवा तेवढ्यात खाली येते आणि ट्रेलरच्या तोंडावर आदळते. ज्या ट्रेलरची जोडणी हौद्याच्या आत असते, त्यात ही फट कमी होते. हौद्यावर केबिनच्या उंचीचा टप बसवला तरी प्रवाह थोडा मागे नेता येतो. केबिनवर पट्टी लावून हवा वर फेकायची असेल, तर ती ट्रेलरच्या वरच्या कडेपर्यंत पोचली पाहिजे. खाली पडली तर उपयोग नाही.

हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवला की अ‍ॅव्हरेज वाढतं, हा एक लाडका समज. कॅनडात केव्हिन कूपर यांनी विंड टनेलमध्ये तपासलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष मांडला की फाळका बंदच ठेवा. बंद हौद्यात एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते, म्हणजे रोश्कोंचीच गोष्ट दुसऱ्या वेषात. मागे उंच ट्रेलर असेल, तर फाळका ही तशी किरकोळ बाब.

बिल कोणाचं?

तेलसंकटातून अमेरिकेने दोन धडे घेतले. एक वेगाचा. जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. ती १९९५ मध्ये पूर्ण रद्द झाली, पण कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ ची मर्यादा आजही आहे. दुसरा धडा आकाराचा, आणि तो घेतला फक्त मालवाहतुकीने. ट्रकमालक वर्षाला लाखभर मैल चालवतो, डिझेलचं बिल त्याच्या धंद्याच्या मुळाशी असतं. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये लांब मालवाहू ट्रेलरना वाऱ्यासाठी सुधारणा सक्तीच्या केल्या. राहायचे ट्रेलर त्यात नव्हते.

राहायच्या ट्रेलरचा हिशोब वेगळाच असतो. बनवणारा एक, विकत घेणारा दुसरा, आणि ओढणारी गाडी तिसऱ्याच कंपनीची. पिकअपच्या काचेवर सरकारी अ‍ॅव्हरेजचा कागद असतो तो ट्रेलरशिवायचा. जड पिकअपना तर तोही नसतो. ओढण्याच्या क्षमतेसाठी जे२८०७ हे मानक आहे, टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून सर्वांत आधी स्वीकारलं. त्यात अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा घाट एसी चालू ठेवून चढावा लागतो. किती ओढेल ते त्यातून कळतं, किती पिईल ते नाही. जो आकडा छापलाच जात नाही, त्यासाठी कोण कडा गोल करेल?

हे चित्र आता हलू लागलंय, ते बॅटरीमुळे. २०२२ मध्ये फोर्डचा विजेवरचा एफ-१५० लाइटनिंग आला. उंच ट्रेलर जोडल्यावर त्याचा पल्ला निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो, हे वाहन-मासिकांच्या चाचण्यांत दिसलं. पेट्रोल संपलं तर पाच मिनिटांत भरता येतं, चार्जिंगला वेळ द्यावा लागतो. त्यामुळे ड्रॅग पहिल्यांदाच मालकाला डोळ्यांनी दिसू लागला. २०२३ मध्ये लाइटशिप या कंपनीने प्रवासात छप्पर खाली बसणारा ट्रेलर दाखवला. कल्पना तशी जुनीच. हाय-लो कंपनी खाली बसणारे ट्रेलर कित्येक दशकं बनवत होती, पण बाजारात राज्य खोक्यांचंच राहिलं.

आज कुणी मला विचारलं, की ट्रेलर ओढताना तेल कसं वाचवायचं, तर माझा क्रम असा असेल. आधी वेग कमी करा, तो फुकट आहे. मग टायरमधली हवा तपासा. ट्रेलर घेताना आतल्या पलंगाइतकंच बाहेरच्या उंचीकडे आणि पुढच्या कडांकडे बघा. टप आणि पट्ट्या त्यानंतर. सामान कमी करण्याची काळजी घाटाच्या प्रवासात करा.

बोलसचा ट्रेलर, मेरिलँडचा अहवाल, साल्ट्झमनचा खोका, रोश्कोंची चकती, या सगळ्यांनी थोड्याफार फरकाने एकच गोष्ट सांगितली. ती प्रत्येक वेळी फक्त तिथेच ऐकली गेली, जिथे ऐकणाऱ्यालाच इंधनाचं बिल भरायचं होतं. शास्त्र शिकताना आम्हाला वाटतं की उत्तर सापडलं म्हणजे काम झालं. ट्रेलरचा इतिहास सांगतो की उत्तर सापडल्यावर ते कुणाच्या खिशाला लागतंय, हेही शोधावं लागतं.