घर, सीमा आणि समलिंगी अस्मिता : चिकाना साहित्यातील एक शोध

१८४८ च्या ग्वाडालूप हिदाल्गो करारान्वये मेक्सिकोला आपला उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेला द्यावा लागला. तेथील मेक्सिकन लोक जागचे हलले नाहीत. सीमाच त्यांना ओलांडून गेली. स्वभूमीत परक्या ठरलेल्या या समाजाला कुटुंब व भाषा हाच आधार उरला. १९६९ मध्ये डेन्व्हर येथील युवक परिषदेने 'आस्त्लान' या ॲझ्टेकांच्या मूलभूमीच्या नावाने राष्ट्रवादाचा जाहीरनामा काढला, तेव्हाही कुटुंब आणि घर ही प्रतिकाराची शस्त्रे मानली गेली.

या घरात पुरुषाचे स्थान मात्र पहिले होते. ते नाकारणाऱ्या स्त्रीची गणना मालिंचेच्या, म्हणजे कोर्तेसची दुभाषी म्हणून 'फितूर' ठरलेल्या स्त्रीच्या, पंक्तीत होई. समलिंगी स्त्रीवर हा ठपका अधिकच तीव्रतेने येई. गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीत वर्ण व वर्ग यांच्या प्रश्नांना पुरेशी जागा नव्हती. या दुहेरी बेघरपणातून १९८१ मध्ये चेरी मोरागा व ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी 'धिस ब्रिज कॉल्ड माय बॅक' हे संकलन संपादित केले. १९८३ च्या आत्मपर ग्रंथात मोरागा सांगतात की, स्वतःचे समलिंगी असणे स्वीकारल्यावरच त्यांना मेक्सिकन वंशाच्या आईचे दमन उमगले. घरापासून दूर नेणारी वाट अशा रीतीने आईपाशी पोहोचते.

दक्षिण टेक्सासमध्ये वाढलेल्या आन्साल्दुआ 'बॉर्डरलँड्स' (१९८७) मध्ये एक प्रसंग नोंदवतात. 'होमोफोबिया' या शब्दातील 'होम'मुळे त्याचा अर्थ 'घरी जाण्याची भीती' असा एका चर्चेत लावला गेला. हा चुकीचा अर्थच त्यांना समर्पक वाटला. कारण आई आणि समाज आपल्याला टाकतील, हीच ती भीती होय. तरीही त्या घर सोडत नाहीत. कासवाप्रमाणे ते पाठीवर वाहतात.

१९९३ मध्ये मोरागा यांनी समलिंगी व्यक्तींनाही सामावून घेणाऱ्या आस्त्लानची कल्पना मांडली. त्यांच्या 'द हंग्री वूमन' या नाटकात मात्र तिची दुसरी बाजू दिसते. क्रांतीनंतर स्वतंत्र झालेल्या आस्त्लानमधून, स्त्रीवर प्रेम केल्यामुळे, मेडिया ही नायिका हद्दपार होते. परसत्तेपासून मुक्त झालेले राष्ट्र आपल्याच लेकीला उंबरठ्याबाहेर काढते, हे कटू सत्य रंगमंचावर डोळ्यांसमोर घडते.

सारांश, या लेखिकांनी घर नाकारले नाही. त्याच्या अटी नाकारल्या. घर हा केवळ वारसा नसून त्याची पुनर्रचना करण्याचा हक्कही आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले.